रिकामी डावी बाजू

१७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी फोटोग्राफी क्लबातली माणसं आली. मर्ना स्टॉल, ग्लेन आणि ड्वेन प्रुइट. जेवणाच्या वेळेला गेली. ऊन होतं. वारा नव्हता, पण पेरणी चालू असल्यामुळे हवेत धूळ.

माझा नवरा लेलँड जूनमध्ये गेला, आणि क्लबची ही रीत आहे. सभासद गेला की दोनतीन महिन्यांनी बाकीचे त्याच्या घरी येतात, त्याच्या लेन्स एकेक करून लावून पाहतात आणि ज्याला जी पसंत पडेल ती मागून घेतो. वस्तू कपाटात पडून राहू नये म्हणून. लेलँडही दोनदा असा कुणाकुणाकडे गेलेला मला आठवतो. परत आला की त्या दिवशी जेवत नसे. का, ते मी विचारलं नव्हतं. आज कळलं.

परसात लेलँडचाच ट्रायपॉड लावला, तोंड दरीपलीकडच्या धान्याच्या कोठाराकडे. त्याचा पत्रा पन्हळी आहे. फोटो संगणकावर मोठा करायचा आणि पन्हळीच्या रेघा कोपऱ्यापर्यंत सुट्या दिसतात का ते पाहायचं. यांच्या सगळ्यांचे कॅमेरे आता नव्या तऱ्हेचे. लेलँडच्या जुन्या लेन्स त्यांवर नुसत्या बसत नाहीत, मध्ये एक जोड लागतो, तो कुणीच आणला नव्हता. म्हणून लेलँडच्याच कॅमेऱ्यावर सगळं. त्याच्या पट्ट्यावर अजून त्याच्या मानेच्या घामाचा डाग आहे. ग्लेनने तो पट्टा आपल्या मनगटाला गुंडाळला.

लेन्स दोनच. एक आखूड, रुंद दाखवणारी. एक लांब पल्ल्याची, जड. रुंद लेन्सकडे कुणी फारसं बघितलं नाही. ग्लेन म्हणाला, आपल्या टेकड्या या असल्या लेन्सने काढल्या की ताटासारख्या सपाट होतात, ती डोंगरवाल्यांना द्या. एक-दोन फोटो घेतले. कोपरे पुसट आले तर म्हणे रुंद लेन्सचे कोपरे असेच असतात, आणि ठेवून दिली.

सगळ्यांचा डोळा लांब लेन्सवर. स्टेप्टोच्या डोंगरमाथ्यावरून खाली पाहायचं तर ती हवीच. दूरच्या टेकड्या एकामागे एक ओढून आणते, उशीला उशी टेकल्यासारख्या दिसतात. मर्ना ती उचलून म्हणाली, फार जड आहे, माझ्याकडची हलकी बरी. ग्लेन म्हणाला, "मर्ना, तुला लेन्स नको, हमाल हवा." ती म्हणाली, "हमाल होता. त्याच्याशी मी लग्न केलं, तर त्याने उचलायचं सोडलं." हसले सगळे. मी कॉफी ओतत होते. मीही हसले बहुतेक.

ड्वेन म्हणाला, ही लेन्स लेलँडने मला कबूल केली होती. असेल. त्या दोघांची मैत्री जुनी.

मग मर्ना संगणकात डोकं घालून बसली. नंतर म्हणाली, "हिची डावी बाजू गेलेली आहे." उजव्या कोपऱ्यात रेघ न् रेघ सुटी. डाव्या कोपऱ्यात लापशी. परत फोटो घेतला. परत तेच. लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, बारीक केलं तर थोडं सुधारलं, पण गेलं नाही. मर्नाने विचारलं, आर्डिस, ही कधी पडली होती का?

मला काय माहीत!

ड्वेन उठला. म्हणाला, मला नको ही लेन्स. कुणालाही द्या. कॉफी अर्धी ठेवून गेला.


१८ सप्टेंबर

चर्चला गेले नाही. मर्नाने ठेवलेलं मसुराचं सूप गरम करून खाल्लं. अळणी होतं. मीठ घातलं नाही.


२१ सप्टेंबर, बुधवार

ग्लेन पाइनचा ढलपा, शेगडीचं जळण, टाकायला आला. मी सांगितलं नव्हतं, त्याच्याकडे जास्त होता. फाटकापाशी घुटमळत राहिला. मग बोलला.

ती लेन्स ड्वेन एकदा टीटनच्या डोंगरांकडे घेऊन गेला होता. लेलँडचा जुना कॅमेरा बंद पडला होता आणि नवा यायचा होता, म्हणून लेन्स नुसती पडून होती. २०११चा शरद. ड्वेन दोन आठवडे गेला होता. परत आल्यावर त्याने तिथले फोटो कुणाला दाखवले नाहीत. ग्लेनला तेव्हाच नवल वाटलं होतं. "मी काही म्हणत नाही, आर्डिस. मी फक्त आठवलं ते सांगितलं." 

असंच म्हणतात लोक. काही न म्हणता सगळं घरात आणून टाकतात, ढलप्यासारखं.


२४ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर लेलँडचे छापलेले फोटो काढून बसले. जेवणाच्या टेबलावर मावेनात, जमिनीवर मांडले. वर्षाप्रमाणे लावले.

लेलँडला लोक ओळखतात ते 'रिकाम्या डाव्या बाजू'साठी. माझा शब्द नाही, ड्वेनचा. गेली कित्येक वर्षं क्लबात तोच बोलत आला. लेलँडच्या प्रत्येक फोटोत डावीकडे काही नसतं. धुकं असतं, नाहीतर ढगाची सावली, नाहीतर नुसतं कोवळं गव्हाचं रान, ज्यात डोळ्याला धरायला काही नाही. घर, झाड, कापणीचं यंत्र, सगळं उजवीकडे. ड्वेन त्याला मौन म्हणायचा. लेलँड डावीकडे मौन ठेवतो आणि उजवीकडे बोलतो. असली वाक्यं. लेलँड घरी येऊन बूट काढता काढता हसायचा. पण 'नाही' असं कधी म्हणाला नाही.

आज जमिनीवर पाहिलं. २०११च्या उन्हाळ्यापर्यंत डावीकडे सगळं आहे. शेजारच्या हेल्मरांचं लाल कोठार डावीकडे. पवनचक्की डावीकडे. एका फोटोत डाव्या कोपऱ्यात मीच आहे, हातात टोपली, रेघ न् रेघ सुटी. त्या हिवाळ्यापासून डावी बाजू रिकामी झाली, ती आजतागायत.

माझे फोटो काढतानाही तो हाताने खूण करायचा — इकडे, आर्ड, इकडे. मला उजवीकडे उभी करायचा. मला वाटायचं माझी ती बाजू बरी दिसते.

म्हणजे मौन वगैरे काही नव्हतं. लंगडणं होतं. मोडकी वस्तू सांभाळत एक माणूस अकरा वर्षं चालला, आणि ज्याने ती मोडली तो शेजारी उभा राहून त्या चालीचं कौतुक करत राहिला.


२९ सप्टेंबर, गुरुवार

ड्वेनचे दोन फोन. उचलले नाहीत.

जूनमधली ती सकाळ आठवत राहते. ड्वेन त्याच्याबरोबर जाणार होता. मी दोघांसाठी सँडविच बांधली होती. निघायच्या वेळेला ड्वेनचा निरोप — पाठ धरली आहे, येत नाही. लेलँड म्हणाला, ठीक आहे, आणि एकटा गेला. सँडविच दोघांचीही घेऊन गेला. स्टेप्टोच्या वळणावर तो कुणा पाहुण्या जोडप्याला पडलेला सापडला. ट्रायपॉड उभाच होता म्हणे. डॉक्टर म्हणाले, कुणी बरोबर असतं तर कदाचित. मग म्हणाले, सांगता येत नाही. पण आधी कदाचित म्हणालेच.

पाठ धरली होती, आणि अंत्यविधीला शवपेटी उचलायला उभा राहिला ना!

आजवर हे मी कुणाशी बोलले नाही. पाठ कुणाचीही धरते. पाठीसाठी कुणाला दोष देता येत नाही.

लेन्ससाठी देता येतो.


३ ऑक्टोबर

ग्रंथालयातलं लेलँडच्या फोटोंचं प्रदर्शन शनिवारी. मर्नाने विचारलं, चार शब्द बोलशील का. नाही म्हटलं. ड्वेन बोलेल, ती म्हणाली. बोलू दे म्हटलं.


८ ऑक्टोबर, शनिवार

निळा पोशाख घातला. ग्रंथालयात बरीच माणसं होती. शेतकरीसुद्धा आले होते, ज्यांना फोटोवाल्यांचा एरवी राग, रानं तुडवतात म्हणून. लेलँड कधी कुणाच्या रानात शिरला नाही. हेल्मर स्वतः मला तसं म्हणाला.

फोटो चांगले लावले होते. भिंतीवर ओळीने. मी उजवीकडून डावीकडे पाहत गेले, मग परत डावीकडून.

ड्वेन उभा राहिला. हातात कागद. लेलँडबद्दल थोडं बोलला, ते खरं होतं — तो बिस्किटं कॉफीत बुडवायचा आणि ती नेहमी तुटून आत पडायची, ते. लोक हसले. मग तो भिंतीकडे वळला आणि त्याने सुरुवात केली. ही जी डावी बाजू आहे —

मी उठले. इतक्या लोकांत मी कधी बोललेली नाही. शाळेतही नाही. औषधांच्या दुकानात तीस वर्षं काढली ती काउंटरच्या मागे, हळू आवाजात. आजही आवाज मोठा नव्हता.

"ड्वेन, ती लेन्स तू कुठे पाडलीस?"

सगळे वळले. कुणाला काही कळलं नाही. मर्नाला कळलं, ग्लेनला कळलं. ड्वेनने कागदाची घडी घातली.

"तळ्याकाठी," तो म्हणाला. "ट्रायपॉड कलंडला. खाली गवत होतं. काचेला ओरखडासुद्धा नव्हता, आर्डिस. मला वाटलं काही झालं नाही."

"आणि मग?"

"मग तुझ्या नवऱ्याचे नवे फोटो पाहिले."

"आणि त्याला सांगितलंस?"

"नाही."

"त्याऐवजी भाषणं केलीस."

मी पर्स उचलली आणि निघाले. दारापाशी कुणीतरी माझा कोट धरून दिला. कोण ते पाहिलं नाही.

गाडीत बसल्यावर बरं वाटलं. लिहायला नको, पण वाटलं. जूननंतर पहिल्यांदा.


९ ऑक्टोबर

फोन काढून ठेवला.


१४ ऑक्टोबर, शुक्रवार

मर्ना सांगून गेली. ड्वेनने क्लबचं अध्यक्षपद सोडलं. त्याला क्लबात आता कुणी बोलवणार नाही, ती म्हणाली. ग्लेन त्याला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मर्नाला वाईट वाटत होतं. माझ्याकडे पाहत होती, मलाही वाटतं का ते. मी ॲपल पाय केला होता. एक तुकडा बांधून दिला.


१९ ऑक्टोबर, बुधवार

ड्वेन आला. मी दार उघडलं, आत ये म्हटलं नाही. पायरीवरच उभा राहिला, टोपी हातात. दाढी वाढलेली. म्हातारा दिसत होता. आम्ही सगळेच दिसतो, पण तो एका आठवड्यात झाला.

बराच वेळ बोलला. बहुतेक मी ऐकलं नाही. घर विकायला काढलं आहे, बॉयसीला मुलीकडे जातोय. लेन्स दुरुस्त करून आणतो म्हणाला. मी म्हटलं, हात लावू नकोस.

मग त्याने सांगितलं ते लिहून ठेवते.

"पहिल्यांदा मौन म्हणालो ना, तेव्हा मला खरंच ते आवडलं होतं. सावरून घेत नव्हतो. मग कारण लक्षात आलं. आणि तोपर्यंत लोक तेच बोलायला लागले होते. मागे कसं घ्यायचं?" 

मी म्हटलं, तोंडाने.

तो म्हणाला, हो. मग म्हणाला, "जूनमध्ये माझी पाठ धरली नव्हती."

मी दाराची मूठ धरली.

"मला त्या लेन्सच्या शेजारी उभं राहवत नसे, आर्डिस. तो डोळा लावायचा, मग ट्रायपॉड जरासा वळवायचा, जरासा आणखी. डावीकडचं टाळायला. मी पाहत उभा. दर वेळी. गेली दोनतीन वर्षं मी काहीतरी कारण सांगून टाळतच होतो. पाठ, गाडी, मुलगी. त्या दिवशीही."

म्हणजे लेन्ससाठी. माझा नवरा त्या वळणावर एकटा पडला तो एका लेन्ससाठी.

असं मी बोलले का, आठवत नाही. बोलले असेन. त्याने मान हलवली. मी दार लावलं. खिडकीतून पाहिलं नाही. गाडी सुरू व्हायला वेळ लागला, तेवढं ऐकू आलं.


२० ऑक्टोबर

ठरवलं. लेन्स स्पोकेनला पाठवते. तिथे एक दुरुस्तीवाला आहे, मर्नाने नाव दिलं. दुरुस्त होवो न होवो. मला फक्त एवढं ऐकायचं आहे की आत काय काय मोडलं, किती मोडलं. ज्याला कळतं त्या माणसाच्या तोंडून. 


२१ ऑक्टोबर, शुक्रवार

दुरुस्तीवाल्याशी फोनवर बोलले. पेतोस्की नाव. तुटक बोलतो. विचारलं, कुठल्या कॅमेऱ्यावर पाहिली? मी म्हटलं, नवऱ्याच्याच. म्हणाला, मग तोही पाठवा, बरोबर लावूनच बघावी लागते. 

खोक्यात घालताना पट्टा काढून घेतला. तो नाही दिला.


२६ ऑक्टोबर

पहिलं बर्फ. टिकलं नाही. हेल्मरांच्या रानात गहू हिरवा उगवला आहे, बर्फातून टोकं वर. लेलँड असता तर गेला असता.

मर्ना म्हणाली ड्वेन गेला. ग्लेनने त्याला खोकी चढवायला मदत केली. शेवटी केली म्हणजे. त्याने आपले सगळे कॅमेरे, लेन्स इथेच शाळेला देऊन टाकले, एकही नेला नाही. मर्नाने त्याचा बॉयसीचा नंबर कागदावर लिहून टेबलावर ठेवला. मी मागितला नव्हता.

मी म्हटलं, तो आता फोटो काढणार नाही, एवढं तरी झालं. मर्ना कोटाची बटणं लावत होती. म्हणाली, "आर्डिस, तू एवढी कडू नव्हतीस." 

मी म्हटलं, मला कुणी विचारलं नव्हतं.


३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी स्पोकेनहून पेतोस्कीचा फोन. लेन्सला काही झालेलं नाही. आत काहीही हललेलं नाही. पडली होती म्हणून सांगितलं, तर म्हणाला, पडली असेल, तिला कळलं नाही. त्याच्याकडच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावून पाहिली, कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. दोष कॅमेऱ्यात. लेन्स बसते ती धातूची कडी किंचित तिरकी आहे. जे लावाल त्याची डावी बाजू जाणार. मी विचारलं, कधीपासून? म्हणाला, वापराने झालेली दिसत नाही, कॅमेरा नवा आला तेव्हापासूनच असेल.

परत पाठवा म्हटलं.

ड्वेनला फोन करायला हवा. केला नाही.

आज पहाटे गोठलं होतं. अंगणातला पाण्याचा पाइप नळावरून काढला, उतारावर धरून आतलं पाणी सगळं सांडलं, गुंडाळून गॅरेजमध्ये टांगला.